अक्षर दुसऱ्याचं, सही तुझी

‘मी’ यास,

सप्रेम नमस्कार लिहीत नाही. नमस्काराला वाकावं लागतं आणि ते तुला कधी जमलेलं नाही. प्रेम उरलं असतं तर हे पत्र बंद पाकिटातून आलं असतं. चव्हाट्यावर लिहिते आहे, कारण तू चोरी माझ्या एकटीच्या घरात केलेली नाहीस. हे वाचणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात तू हातपाय पसरून बसला आहेस, आणि प्रत्येकाला तू फक्त त्याचाच वाटतोस.

आरोप आधी सांगते, पुरावे मागाहून. न केलेल्या कामावर तू सही ठोकतोस. विचार तू करत नाहीस. तो आला की त्यावर आपलं नाव टाकतोस. राग तू आणत नाहीस. आलेल्या रागाचा मालक होऊन बसतोस. आठवण तू जपत नाहीस. स्वतःला शोभेल अशी बेतून घेतोस आणि वर ‘पक्कं आठवतंय’ म्हणून साक्षीला उभा राहतोस. पंगत उठता उठता मांडवात शिरायचं आणि ‘स्वयंपाक माझा’ म्हणून पंच्याला हात पुसायचे, हा तुझा जन्माचा धंदा.

28 वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. सर्वनामांचा धडा आला की फळ्यावर पहिलं वाक्य ठरलेलं असे: सर्वनामाला स्वतःचा अर्थ नसतो, ज्या नामाच्या जागी ते येतं, त्याचा अर्थ त्याला मिळतो. मग मी विचारायची, ‘उदाहरण लिहायला पुढे कोण येतंय?’ चाळीस हात एकदम वर. मागच्या बाकावरची पोरं तर बाकावर चढायची. ‘मी! बाई, मी! मी!’ चाळीस तोंडांत एकच शब्द आणि प्रत्येक तोंडात त्याचा अर्थ वेगळा. तुझं सगळं बिंग त्या वर्गात दरवर्षी फुटत होतं आणि खडू हातात धरून उभ्या असलेल्या बाईंना ते दिसत नव्हतं. तू नाम नाहीस, सर्वनाम आहेस. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल. जागा धरण्यापुरता रुमाल ठीक असतो, पण तू रुमालाचा प्रवासी झालास आणि आता गाडीही आपलीच म्हणतोस.

आमच्या भाषेनं तर तुला फार पूर्वीच पकडलं होतं. मराठी माणूस म्हणतो, मला भूक लागली. मला राग आला. मला आठवलं. मला सुचलं. मला वाटलं. वाक्यात काम करतो आहे तो राग, लागते आहे ती भूक. आणि तू कुठे आहेस? चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी, ओंजळ पुढे करून. रडू आलं, डोळा लागला, तोंडातून निघून गेलं, राहवलं नाही. आत खरोखर जे घडतं ते सांगायची वेळ आली की मराठी तुला कर्त्याच्या खुर्चीवर बसू देत नाही. ‘उजाडलं’, ‘सांजावलं’, ‘गडगडतंय’ या क्रियापदांना तर वेगळा कर्ताच सापडत नाही. व्याकरणात त्यांना भावकर्तृक म्हणतात. ‘कोण उजाडलं?’ असं आजवर एकाही पोराने मला विचारलं नाही. कुणीतरी उजाडायला हवं, ही गरजच कुणाला भासली नाही.

युरोपात मात्र या गरजेपायी मोठा घोटाळा झाला. देकार्तनं 1641 च्या आपल्या ग्रंथात सगळ्यावर संशय घेतला, जगावर, देहावर, गणितावर. शेवटी त्याला एवढंच खात्रीचं सापडलं की विचार चालू आहे, म्हणून विचार करणारा ‘मी’ आहे. पहिला अर्धा भाग सिद्ध झाला होता. दुसऱ्या अर्ध्यात तू दार ढकलून आत शिरलास. पुढे जर्मनीतल्या लिख्टेनबर्ग नावाच्या भौतिकशास्त्रज्ञानं नेमकं बोट ठेवलं: वीज चमकते म्हणतो तसंच विचार होतो आहे एवढंच म्हणावं, त्यामागे ‘मी’ धरणं ही व्यवहाराची सोय आहे. तो मराठी शिकला असता तर त्याला इतकं झगडावं लागलं नसतं. ‘मनात आलं’ म्हणून तो मोकळा झाला असता.

वाचणाऱ्यांनी इथे क्षणभर थांबावं. पुढचा विचार कोणता येणार आहे, ते तो येण्याआधी सांगून बघावं. सांगता येत नाही. सांगायला जावं तर तो आलेलाच असतो, नाहीतर अजून आलेला नसतो. जो स्वतःला विचारांचा कर्ता म्हणवतो, त्याला पुढच्या क्षणाचा माल काय आहे हेसुद्धा ठाऊक नसतं. दुकानाचा मालक असा असतो का?

आता पुरावे. 1977 मध्ये निस्बेट आणि विल्सन या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी आपल्या लेखात एका दुकानातला प्रयोग मांडला. स्त्रियांच्या पायमोज्यांचे चार जोड ओळीनं मांडले आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना सर्वांत चांगला जोड निवडायला सांगितला. चारही जोड तंतोतंत एकसारखे होते. तरी सर्वांत उजवीकडचा जोड 40 टक्के लोकांनी निवडला आणि सर्वांत डावीकडचा 12 टक्क्यांनी. का निवडला, असं विचारल्यावर लोक विणीबद्दल, पोताबद्दल बोलले. जागेचं नाव कुणी काढलं नाही, आणि ‘जागेमुळे तर नाही ना?’ असं विचारलं तेव्हा बहुतेकांनी साफ नाही म्हटलं. निवड कुठून तरी होऊन गेली होती. तू मागाहून आलास, विणीचं कारण शिवलंस आणि खाली सही केलीस.

दुसरा पुरावा शस्त्रक्रियेच्या टेबलावरून आलेला आहे. अपस्माराचे झटके आटोक्यात यावेत म्हणून काही रुग्णांच्या मेंदूच्या दोन अर्ध्यांना जोडणारा जाड पट्टा कापला जाई. या रुग्णांवरच्या कामासाठी रॉजर स्पेरी यांना 1981 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचे विद्यार्थी मायकेल गॅझानिगा यांनी अशा एका रुग्णाच्या डाव्या अर्धमेंदूला कोंबडीचा पाय दाखवला आणि त्याच वेळी उजव्या अर्ध्याला बर्फात बुडालेलं घर. समोरच्या चित्रांतून त्याच्या उजव्या हातानं कोंबडी निवडली, डाव्यानं फावडं. फावडं बर्फासाठी होतं, पण बोलणाऱ्या डाव्या अर्ध्यानं बर्फ पाहिलेलाच नव्हता. ‘फावडं का?’ असं विचारल्यावर तो अडखळला नाही. कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतंच, असं त्यानं ठासून सांगितलं. गॅझानिगा या यंत्रणेला ‘अर्थ लावणारा’ म्हणतात. मी तुला ओळखलं ते तिथे. माहीत नाही, हे दोन शब्दांचं नम्र उत्तर तुझ्या जिभेवर येतच नाही.

बेंजामिन लिबेट यांचा 1983 चा प्रयोगही तुझ्याविरुद्ध नेहमी मांडतात. मनगट हलवायची इच्छा जाणवण्याच्या सुमारे एक तृतीयांश सेकंद आधीच मेंदूत तयारीची लहर सुरू झालेली असते, असं त्यांना दिसलं. पण त्या लहरीचा अर्थ काय यावर 2012 पासून पुन्हा जोरात वाद चालू आहे, म्हणून ती साक्ष मी बाजूला ठेवते. मला तिची गरजही नाही. माझ्याकडे एक वही आहे.

बाबा पक्षाघातानं सात महिने अंथरुणावर होते. कराडच्या घरी, मधल्या खोलीत, खिडकीखालच्या पलंगावर. दादा आणि मी आळीपाळीनं रात्री जागायचो. पलंगाशेजारच्या स्टुलावर दोनशे पानी वही असायची आणि सुतळीनं बांधलेलं पेन. ताप, रक्तदाब, पाणी किती पाजलं, कूस कधी बदलली, सगळं वेळेसकट लिहायचं, म्हणजे सकाळी डॉक्टरांना दाखवता येई.

बाबा पहाटे गेले. ती रात्र माझ्या डोळ्यांसमोर काल घडल्यासारखी होती. त्यांच्या ओठांना लावलेला पाण्याचा चमचा, हनुवटीवरून ओघळलेला थेंब, तो टिपणारा माझा पदर. आणि शेजारच्या खोलीतून ऐकू येणारं दादाचं घोरणं. वर्षश्राद्धाला पानं वाढून झाली होती, कशावरून तरी बोलणं घसरलं आणि सगळ्यांसमोर माझ्या तोंडून निघालं, ‘शेवटच्या रात्री बाबांजवळ मी होते. तू झोपला होतास.’ दादा एक शब्द बोलला नाही. हातातला घास त्यानं पानात ठेवला आणि तो उठला. त्यानंतर नऊ वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

ही नऊ वर्षं तू काय केलंस, हे मी चारचौघांत विचारते आहे. रात्री दोनला जाग आली की तू खटला सुरू करायचास. तो असं म्हणेल, मग मी असं म्हणेन. प्रत्येक वेळी तू जिंकायचास आणि प्रत्येक वेळी मला उजाडेपर्यंत झोप लागायची नाही. हार्वर्डच्या किलिंग्सवर्थ आणि गिल्बर्ट यांनी 2010 मध्ये 2250 माणसांना त्यांच्या फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं होतं, आत्ता तुमचं मन कुठे आहे? जवळजवळ 47 टक्के वेळा ते हातातल्या कामावर नव्हतं, आणि मन भटकलेलं असताना माणसं एकंदरीत कमी सुखी होती. मेंदू रिकामा असला तरी त्याचा एक ठरावीक भाग जोरात चालू असतो, हे मार्कस रेकल यांच्या गटानं 2001 मध्ये मांडलं होतं. स्वतःबद्दलचे विचार, मागचं उगाळणं, पुढचं रचणं यांच्याशी त्या भागाचा जवळचा संबंध आहे. तुझं कोर्ट रात्री दोनला का भरतं, ते मला त्यातून कळलं. हाताला काम नसलं की तुला आवाज फुटतो.

मागच्या पावसाळ्यात कराडच्या घराला रंग काढला. वहिनींनी माळा रिकामा केला आणि भाच्याच्या हाती माझ्या जुन्या पुस्तकांची पिशवी पाठवली. व्याकरणाची पुस्तकं, दोन शब्दकोश आणि तळाशी ती वही. वहिनींनी ती मुद्दाम ठेवली की पुस्तकांबरोबर आली, हे मी विचारलेलं नाही.

शेवटचं लिहिलेलं पान मी उघडलं. दादाचं अक्षर ओळखायला चष्मा लागत नाही. उजवीकडे झुकलेलं, घाईचं, शिरोरेघ न देता लिहिलेलं. रात्री 11.40, पाणी दोन चमचे. 1.15, कूस बदलली. 3.05, श्वास जड. आणि सगळ्यांच्या वर, रात्रीच्या पहिल्या नोंदीत, एक ओळ: धाकटी 10 ला झोपली, उठवत नाही, दोन रात्री जागी आहे.

मग चमचा? थेंब? पदर? मागची पानं चाळली. तीन दिवस आधीच्या पानावर माझ्या हाताची नोंद सापडली: पाणी ओठावरून ओघळलं, पुसलं. थेंब खरा होता. पदर खरा होता. रात्र वेगळी होती. तू एक खरी रात्र उचललीस, दुसऱ्या तारखेवर चिकटवलीस, आणि घोरणं पदरचं घातलंस. दादा त्या रात्री जागा होता. त्याच्या जागरणावर नऊ वर्षं तू माझी सही ठेवलीस.

आता सांगते ते नीट ऐक, कारण मला तू पहिल्यांदा उघड्यावर सापडलास तो क्षण हा आहे. वहीच्या पानावर माझी बोटं थरथरत होती, डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात तू वकिलासारखा उभा राहिलास. ‘त्याआधीच्या दोन रात्री कोण जागलं? झोप लागली तर त्यात काय चुकलं? आणि त्यानं त्या दिवशी पानावरच का नाही सांगितलं?’ दादाच्या त्या एका ओळीची माया पुरती माझ्यापर्यंत पोचलीही नव्हती आणि तू तिचा बचावाचा पुरावा करून टाकला होतास. त्या दिवशी मी तुझ्याशी भांडले नाही. नुसती बघत राहिले. दुपारी ढग भरून यावेत तसे ते युक्तिवाद भरून आले, गडगडले आणि विरले. कोण गडगडलं, असं विचारायची मला गरज पडली नाही.

हा दोष माझ्या एकटीच्या डोक्याचा आहे, असं म्हणून तू सुटू नकोस. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्याच दिवशी सकाळी एमोरी विद्यापीठात उलरिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं की ही बातमी कुठे, कशी, कुणाकडून कळली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या 44 जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. चौथाई जणांची एकही मुख्य गोष्ट पहिल्या कागदाशी जुळली नाही, आणि चुकीच्या आठवणींवरही त्यांचा भरवसा दांडगा होता. त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद पुढे ठेवला, तरी पहिली आठवण जागी होईना. अक्षर खोटं बोलत नव्हतं. सही करणारा खोटा होता.

तुझी बाजू घेणारे मला विचारतात, ‘मी’ नसेल तर जबाबदारी कुणाची? शब्द कोण पाळणार, कर्ज कोण फेडणार? आणखी एक प्रश्न याहून जड आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘मी’ म्हणू दिलं नाही, ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला, ज्या बायकांची आयुष्यं अमक्याची सून आणि तमक्याची आई म्हणून संपली, त्यांना आता ‘मी’ सोडा म्हणून सांगायचं?

त्याचं उत्तर मला मराठवाड्यात सापडतं. 1950 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, महाविद्यालय सुरू केलं. त्याचं नाव मिलिंद आणि परिसराचं नाव नागसेनवन. राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद तुझ्यावरच आहे. राजा नाव विचारतो. नागसेन आपलं नाव सांगतो आणि म्हणतो की या नावामागे कायमचा असा कुणी सापडत नाही. मग तो राजाला त्याच्याच रथाबद्दल विचारतो. चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू म्हणजे रथ का? रथ चालतो, राजाला आणतो, पण भागांपलीकडे वेगळा रथ काढून दाखवता येत नाही. ज्यांना माणूस म्हणून मोजलं नव्हतं, त्यांच्या मुलांसाठी उभारलेल्या विद्येच्या घराला ही दोन नावं दिली गेली. आणि 1957 मध्ये बाबासाहेबांच्या निधनानंतर प्रसिद्ध झालेल्या बुद्धावरच्या त्यांच्या ग्रंथात आत्म्यावरचा विश्वास धम्मात बसत नाही, असं स्वच्छ मांडलेलं आहे. म्हणजे ज्या माणसानं स्वाभिमानाचा सर्वांत मोठा लढा दिला, त्याला त्यासाठी तुझी गरज लागली नाही. स्वाभिमान म्हणतो, मला कुणी तुडवू नये, आणि तोच न्याय समोरच्यालाही देतो. तू म्हणतोस, जागरण माझं आणि झोप दुसऱ्याची. तुम्हा दोघांना एका नावानं हाक मारणं ही आमची चूक होती.

मुंबईत खेतवाडीत विडीचं दुकान चालवणारे निसर्गदत्त महाराजही हाच फरक मराठीत सांगत. परदेशातून माणसं त्यांच्या खोलीत येऊन बसत आणि दुभाषा लावून ते मराठी ऐकत. ‘मी आहे’ या साध्या जाणिवेशी थांबा, त्यापुढे चिकटलेलं ‘अमुक’ सोडा, असा त्यांचा आग्रह असे. ‘मी आहे’वर माझाही आक्षेप नाही. ते उजाडण्यासारखं आहे. कुणाचं काही हिरावून घेत नाही. माझा खटला ‘अमुक’वर आहे. जागलेली मी. सोसलेली मी. बरोबर असलेली मी.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. त्याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही, फोनवर मिळालं.

वही मिळाल्यावर आठवडाभरानं, संध्याकाळी, मी कराडला फोन लावला. वाजेपर्यंत तू वाक्यं तयार करून ठेवली होतीस. ‘मी त्या वेळी फार थकले होते.’ ‘मी मुद्दाम नाही बोलले.’ सगळ्यांची सुरुवात तुझ्या नावानं. दादानं फोन उचलला आणि नऊ वर्षांपूर्वीच्याच आवाजात म्हणाला, ‘बोल गं.’ माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दादा, माझं चुकलं.’

फोन ठेवल्यावर जन्मभर फळ्यावर विभक्ती लिहिलेल्या बाईला ते वाक्य दिसलं. माझं चुकलं. ‘माझं’ आहे षष्ठीत. ‘मी’ त्या वाक्यात कुठेच नाही. तरी चूक पुरती कबूल झाली होती, एक दाणा इकडचा तिकडे नाही. नऊ वर्षं तू कर्ता म्हणून मिरवलास आणि हे दोन शब्दांचं वाक्य तुला बोलता आलं नाही. तू वाटेतून सरलास तेव्हा ते आपोआप बाहेर आलं.

म्हणून शिक्षा सुनावते. तुला हाकलत नाही. रेशनकार्डावर, बँकेच्या फॉर्मवर, वर्गात हात वर करताना तुझं काम आहे. या पत्रातही तुझं नाव पानोपानी वापरावं लागलं. पण यापुढे सही करण्याआधी अक्षर कुणाचं आहे ते तुला विचारलं जाईल. रोज, दर विचाराला.

ती वही मी परत पाठवणार होते. दादा म्हणाला, ‘ठेव तुझ्याकडे, त्यात तुझंही अक्षर आहे.’

तुझ्याच घरात राहणारी,
एक निवृत्त शिक्षिका